योगवर्गात सकारात्मक वाक्यं कशी वापरावीत: नव्या शिक्षकांसाठी

कोर्स संपला, प्रमाणपत्र हातात आलं, कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा कसबा बावड्यात एखादा हॉल भाड्याने मिळाला, की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न पडतो. आसनं तर घेतली, पण शवासनात सगळे आडवे झाले की बोलायचं काय? बरेच नवे शिक्षक मग मोबाईलवर ऐकलेली वाक्यं म्हणायला लागतात. ‘मी परिपूर्ण आहे. विश्वातील सारी समृद्धी माझ्याकडे येत आहे.’ समोर पडलेल्या काकूंच्या डोक्यात मात्र नळाला पाणी आलं असेल का, हे चाललेलं असतं.

अशा वाक्यांना कुणी अफर्मेशन म्हणतं, कुणी स्वयंसूचना. नाव काहीही द्या. माझी अट एकच आहे: वाक्य असं हवं की ऐकणाऱ्याला ते त्याच क्षणी स्वतःच्या अंगात तपासून बघता यावं. ‘पाय जमिनीवर टेकलेत’ हे तपासता येतं. ‘मी परिपूर्ण आहे’ हे तपासायला गेलं की माणूस स्वतःतल्या उणिवाच मोजत बसतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या अटीवर उभ्या आहेत.

थोडी पार्श्वभूमी

वर्गात कुणीतरी विचारतंच की हे योगातलं आहे की परदेशी खूळ आहे. दोन्हीकडचं थोडं माहीत असू द्या.

फ्रान्समध्ये एमिल कुए (१८५७–१९२६) नावाचे औषधविक्रेते होते. आपण दिवसेंदिवस बरे होतो आहोत, अशा अर्थाचं एक वाक्य ते लोकांना सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना वीस वेळा पुटपुटायला सांगत. आजच्या अफर्मेशनची परदेशी वंशावळ बरीचशी तिथून येते.

आपल्याकडे पतंजलींच्या योगसूत्रांत, साधनपादातलं ३३वं सूत्र आहे: ‘वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्’. यम-नियमांच्या आड येणारे विचार उसळले तर त्यांच्या विरुद्ध बाजूची भावना जोपासा, असं ते सांगतं. म्हणजे आधी मनात काय उसळलंय ते ओळखायचं, मग त्याला उत्तर द्यायचं. आपल्या कामाला हा क्रम फार उपयोगी आहे. योगनिद्रेतला संकल्प तुम्हाला कोर्समध्ये शिकवला असेलच. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींच्या पद्धतीत तो सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा तीनदा, मनातल्या मनात म्हणतात. २१ जूनला होणाऱ्या योग दिनाच्या सामायिक अभ्यासक्रमातही शेवटी संकल्प आणि शांतिपाठ येतो.

आता सावधगिरीची गोष्ट. २००९ मध्ये कॅनडातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच चांगलं होतं त्यांना जरासं बरं वाटलं. ज्यांचं मत खालावलेलं होतं त्यांना आणखीच वाईट वाटलं. तुमच्याकडे पहिल्यांदा चटई घेऊन येणारी, कोपऱ्यातली जागा शोधणारी बाई बहुधा या दुसऱ्या गटातली असते. तिला मोठं वाक्य देणं म्हणजे तिच्या मनात वाद लावून देणं.

पायरी १: समोर कोण आहे ते बघा

पहिले दोन आठवडे एकही वाक्य म्हणू नका. नुसतं ऐका. वर्ग सुरू होण्याआधी चपला काढताना लोक जे बोलतात, तिथेच तुमचा कच्चा माल असतो.

कोल्हापुरात एकाच शहरात बॅच किती वेगळ्या! सकाळी रंकाळ्यावर फेरी मारून येणारे निवृत्त काका: गुडघे, झोप आणि परगावी गेलेली मुलं. दहाच्या बॅचच्या गृहिणी: मान, कंबर आणि ‘माझ्यासाठी वेळच नाही’. संध्याकाळी उद्यमनगरातून येणारा मुलगा दिवसभर लेथवर उभा राहून आलेला असतो. त्याला अध्यात्म नको, पाठ मोकळी हवी. स्पर्धा परीक्षेची मुलं श्वास घेतानाही तारखा मोजतात. या सगळ्यांना एकच छापील वाक्य कसं चालेल?

त्यांचे शब्दही टिपून ठेवा. ‘मी विश्रांत अवस्थेत आहे’ असं इथे कुणी घरी बोलत नाही. ‘आता जरा दम खाऊया’ म्हटलं की खांदे आपोआप खाली येतात.

पायरी २: वाक्य घडवा

खरं काम इथेच आहे, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

वाक्य एका उच्छ्वासात मावलं पाहिजे. स्वतः चटईवर पडून, श्वास सोडता सोडता म्हणून बघा. शेवटचा शब्द ओढून आणावा लागला तर वाक्य लांब आहे. साधारण तीन ते सहा शब्द पुरतात.

मग ते खरं आहे का ते बघा. उद्या खरं होईल ते आज म्हणू नका. ‘मी पूर्णपणे शांत आहे’ याऐवजी ‘श्वास सोडताना खांदे सैल होतायत’ म्हणा. ‘माझं शरीर निरोगी आहे’ याऐवजी ‘गुडघा वाकतोय तेवढा पुरे’. ‘मला कधीच राग येत नाही’ याऐवजी ‘राग आला तरी एक श्वास थांबता येतं’. तुलनेने ही वाक्यं साधी, थोडी बुटकीच वाटतात. वाटू द्या. ती म्हणताना कुणाच्याही पोटात ‘छे, काहीतरीच’ असं होत नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती परभाषेतली रेकॉर्डिंग ऐकून शिकलेल्यांच्या लक्षात येत नाही. आपल्या क्रियापदाला लिंग चिकटतं. तुम्ही ‘मी सोडून देते’ म्हणालात की मागच्या ओळीतले काका वाक्याबाहेर गेले. ‘देतो किंवा देते’ असं दोन्ही म्हटलं तर अर्ज भरल्यासारखं वाटतं. पेठेतल्या बऱ्याच बायका ‘मी आलो, मी करतो’ असंच बोलतात, त्यामुळे कोल्हापुरात हा प्रश्न अर्धा सुटलेला आहे म्हणा! पण मिश्र वर्गात त्यावर विसंबू नका. बोलण्याचा मान श्वासाला, पायांना, खांद्यांना द्या: ‘श्वास येतोय, श्वास जातोय.’ ‘पाय भक्कम आहेत.’ किंवा अशी वाक्यं घ्या ज्यांत लिंग दिसतच नाही: ‘मी इथे आहे.’ ‘मला वेळ आहे.’ ‘मला जमतंय.’

‘मेंदूला नाही हा शब्द कळत नाही’ असं पुष्कळ ठिकाणी ठासून सांगतात. तसं काही नाही, मेंदूला सगळं कळतं. मात्र ‘घाबरू नका’ म्हटलं की माणसाला आधी घाबरण्याचं कारण आठवतं, एवढं खरं. म्हणून नकार टाळलेला बरा. पण ‘घाई नाही’ सारखं वाक्य उत्तम चालतं, त्याला नियमात बसत नाही म्हणून बाद करू नका.

आणि वजनाबद्दल, दिसण्याबद्दल एकही वाक्य नको. ‘मी सडपातळ होत आहे’ हे वाक्य मी अनेक ठिकाणी ऐकलंय. त्यातून योग शिकायचा राहतो आणि बाई घरी जाऊन वजनकाट्यावर उभी राहते.

पायरी ३: जागा निवडा

एका तासाच्या वर्गात एक वाक्य. सात नव्हे. तेच वाक्य तीन ठिकाणी आलं तर ते मुरतं.

पहिली जागा ताडासन. वर्गाच्या सुरुवातीला, डोळे मिटून, वजन दोन्ही पायांवर सारखं आल्यावर एकदा म्हणा. समजा, आजचं वाक्य आहे ‘पाय भक्कम आहेत’. तळवा, टाच, अंगठ्याचं मूळ यांवर लक्ष नेऊन मगच म्हणायचं; आधी अनुभव, मागून शब्द.

दुसरी जागा वीरभद्रासन. चौथ्या-पाचव्या श्वासाला पुढची मांडी थरथरायला लागते, चेहरे आवळतात, कुणीतरी घड्याळाकडे बघतं. इथे तेच वाक्य: ‘मागची टाच दाबा. पाय भक्कम आहेत.’ सूचना आणि वाक्य असे जोडीने आले की ते पोकळ वाटत नाही. तालमीतला वस्ताद पठ्ठ्याला ‘तू महान मल्ल आहेस’ असं सांगत बसत नाही. ‘मान वर, पाय मागं, धर’ एवढंच म्हणतो आणि पोराला बळ येतं. तुमचं बोलणं त्या जातीचं हवं.

तिसरी जागा शवासन. त्याबद्दल पुढे सांगते.

कुठे बोलू नये हेही पक्कं करा. वृक्षासनात तोल सांभाळत असताना शांत राहा. जे सांगायचं ते आधी, भिंतीला बोट टेकलेलं असताना सांगा. ‘तोल गेला तर परत येता येतं’ हे त्या आसनासाठी माझं आवडतं वाक्य आहे, कारण पुढच्याच मिनिटाला निम्म्या वर्गाला त्याचा पडताळा येतो. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक चालू असताना काहीही भावपूर्ण बोलू नका, तिथे मोजणी आणि सुरक्षितता एवढंच. भ्रामरीत गुंजन संपल्यानंतरच्या शांततेला हात लावू नका.

पायरी ४: म्हणायचं कसं

आठ मिनिटांचं शवासन धरू. पहिली दोन-तीन मिनिटं अंग सैल करायला लागतात. त्यात फक्त पाय, कंबर, जबडा अशी नावं घ्या. मग वाक्य एकदा. मग चार-पाच श्वास गप्प. परत एकदा. परत गप्प. तिसऱ्यांदा म्हणून झालं की थांबा आणि उरलेला वेळ पूर्ण सोडून द्या. नव्या शिक्षकाला ही शांतता खायला उठते. ती भरून काढायचा मोह होतो, आणि मग समृद्धी, विश्व, सोनेरी प्रकाश सगळं हजर होतं.

आवाज नेहमीचा ठेवा. भाजीवाल्याशी बोलताना असतो त्याहून थोडा हळू, बस. नाकातून ओघळणारा, ओढलेला ‘योगी’ आवाज काढला की मागच्या ओळीतली कॉलेजची पोरं एकमेकांकडे बघतात.

सगळ्यांना मोठ्याने म्हणायला लावू नका. ‘मनात म्हणा, नाही म्हटलं तरी चालेल’ ही सूट रोज द्या. एकदा एका मावशींनी वर्ग संपल्यावर सांगितलं, ‘‘मॅडम, तुम्ही शांत व्हा म्हणता आणि मला गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं.’’ यावर प्रवचन द्यायचं नसतं. दुसऱ्या दिवसापासून सुरुवातीला अर्धं मिनिट दिलं: ‘गॅस, दार, मोबाईल, आठवून घ्या. झालं? आता इथे.’ मावशींना तेच वाक्य सगळ्यात जास्त लागू पडलं. मनात काय उसळलंय ते आधी ओळखायचं आणि मग उत्तर द्यायचं, हा पतंजलींचा क्रम गॅसवरच्या दुधालाही लागू होतो.

पायरी ५: त्यांचं वाक्य त्यांना बनवू द्या

महिना-दीड महिना झाला, लोक सरावले, की तुमची वाक्यं हळूहळू मागे घ्या. एक दिवस वर्गाच्या शेवटी चिठ्ठ्या आणि पेन्सिली वाटा. ‘स्वतःबद्दल काहीतरी चांगलं लिहा’ असं सांगितलंत तर निम्मे लोक पेन्सिल चावत बसतील. त्याऐवजी विचारा: तुम्हाला आयुष्यात काय महत्त्वाचं वाटतं? मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेला विचार याच्या जवळचा आहे. स्वतःची स्तुती घोकण्यापेक्षा आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींची आठवण माणसाला अडचणीत जास्त सावरते. ‘घरातल्यांशी नीट बोलायचं’ असं एखाद्या काकांनी लिहिलं, तर त्यांचं वाक्य तयारच आहे.

चिठ्ठी वाचून दाखवायला लावू नका. तुम्हीही मागू नका. ती त्यांच्या चटईत गुंडाळून घरी जाऊ द्या.

परीक्षेच्या मुलांना वेगळं द्यावं लागतं. ‘मी अधिकारी होणारच’ हे त्यांनी भिंतीवर आधीच लिहिलेलं असतं आणि ते बघूनच छातीत धडधडतं. इब्राहिम सेनाय आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की शब्दकोडी सोडवण्याआधी ‘मी करीन’ असं ठरवणाऱ्यांपेक्षा ‘मी करीन का?’ असं स्वतःला विचारणाऱ्यांनी ती जास्त सोडवली. मग मुलांना प्रश्नच द्या: ‘आज दोन तास बसायला जमेल का? कशाने जमेल?’ उत्तर ती स्वतःच शोधतात.

आणखी एक रूप नवशिक्यांना चटकन जमतं, ते म्हणजे स्वतःशी दुसऱ्यासारखं बोलणं. ताणाच्या वेळी स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून समजावलं तर थोडं अंतर मिळतं आणि घालमेल कमी होते, असं ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांत दिसलं. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. समर्थांचे २०५ मनाचे श्लोक मनालाच समोर बसवून केलेला संवाद आहे, आणि ते लहानपणी पाठ केलेले लोक तुमच्या सकाळच्या बॅचमध्ये नक्की असतात. त्यांना ‘मना, जरा थांब’ एवढं सुचवा, पुढचं त्यांचं ते करतील.

पायरी ६: इथे थांबायचं

आजार बरा होण्याची वाक्यं द्यायची नाहीत. ‘माझी शुगर नॉर्मल आहे’ हे वाक्य म्हणत एखाद्याने गोळी सोडली तर? ‘गोळी वेळेवर घेणं ही माझी काळजी आहे’ हे वाक्य चालेल, उलट हवंच. पत्रकावर किंवा इन्स्टाग्रामवर ‘सकारात्मक वाक्यांनी मधुमेह बरा’ असली जाहिरात तर चुकूनही करू नका. औषधे व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा मंत्र, ताईत, कवच यांनाही जादुई उपायांत धरतो आणि त्याच्या आजारांच्या यादीत मधुमेह आहे.

शवासनात कुणी रडायला लागलं तर वाक्य थांबवा, जवळ जाऊन हळूच विचारा, हवं तर उठून बसू द्या, पाणी द्या. सगळ्या वर्गासमोर ‘बाहेर पडू दे, बरं असतं’ वगैरे नको. झोप उडालेली, जेवण सुटलेलं, जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोलून गेलं, तर ते वाक्यांनी सुटणारं काम नाही. डॉक्टरकडे जायला सांगा आणि सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो हॉलच्या दारावर लिहून ठेवला तर कुणाला मागावाही लागत नाही.

पावसाळ्याचं इथलं वेगळंच असतं. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की वर्गातल्या निम्म्या लोकांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर असतं: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ चा पूर घरात पाहिलेल्या माणसाला ‘सर्व काही छान होणार आहे’ म्हणणं म्हणजे त्याच्या आठवणीला खोटं पाडणं. त्या दिवसांत मी आसनं कमी घेते आणि सुरुवातीलाच विचारते, ‘‘कागदपत्रं वर ठेवलीत का? म्हाताऱ्यांची औषधं पिशवीत आहेत का?’’ हो म्हणणाऱ्यांसाठी वाक्य आहे: ‘करायचं ते केलंय.’ ज्यांचं झालं नाही त्यांना घरी पाठवते. शवासन नंतरही करता येतं.

धर्माबद्दल थोडक्यात. वर्गात लिंगायत, जैन, मुस्लिम, सगळे असतात. श्वास-पाय-खांद्यांची वाक्यं कुणालाच परकी नसतात. ओंकार आणि प्रार्थना ऐच्छिक ठेवा आणि ते आधीच सांगा.

स्वतःसाठी एक

वर्गाआधी हॉलचं कुलूप काढताना तुम्हीही एक वाक्य म्हणा. माझं आहे, ‘आज कमी बोलायचं.’ व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज पहाटे उगवत्या सूर्याच्या फोटोवर सुविचार टाकायची सवय असेल तर तीही याच वाक्यात धरा.

दोन महिन्यांनी वर्गाला विचारा: घरी किंवा बाहेर कुठलं वाक्य आठवलं, आणि कुठे? उत्तरं मजेशीर येतात. कुणाला केएमटी बसच्या गर्दीत ‘पाय भक्कम आहेत’ आठवतं, कुणाला दात काढताना, कुणाला सासूबाई बोलत असताना ‘एक श्वास थांबता येतं’. अशी वाक्यं ठेवा. जे कुणालाच आठवलं नाही ते काढून टाका, तुम्हाला कितीही आवडत असलं तरी. त्याच्या जागी लगेच नवं शोधायची गरज नाही; महिनाभर शवासनात नुसती शांतता ठेवली म्हणून कुणी फी परत मागत नाही.